फेझंटच्या मोसमात पॉइंटर कुत्रा घेऊन निघताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी फेझंट या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याच्या शिकारीचा मोसम उघडतो आणि जानेवारीअखेरपर्यंत चालतो. बारा मोसम मी इथल्या गवतात घालवले, त्यांतले नऊ गोदाबरोबर. गोदा माझी जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर जातीची शिकारी कुत्री. दरवर्षी ओळखीतलं कोणीतरी मराठी माणूस सोबत येतं आणि दरवर्षी त्याच चुका बघाव्या लागतात. (भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे; हे सगळं अमेरिकेपुरतं.)

आधी कायद्याचं. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला इथे बंदूक किंवा काडतुसं बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. मुख्य सवलत अमेरिकेतला वैध शिकार परवाना असणाऱ्याला. म्हणून मित्राची बंदूक ‘जरा बघायला’ हातात घेण्याआधी परवाना खिशात हवा.

आता माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक: कुत्र्याने पॉइंट धरला, म्हणजे लपलेल्या पक्ष्याकडे नाक करून तो थबकला, की त्याच्या पाठीमागून धावत जाणं. गोदाचा दुसरा मोसम, नोव्हेंबर, अॅबर्डीनच्या आसपासचं कमरेएवढं गवत. गोदा वाऱ्यावर वास घेत चालली होती, अचानक थबकली. पुढचा एक पाय वर, शेपटी ताठ, नाक एका झुडपाकडे. सोबतचा मित्र मागून सरळ तिच्या अंगावर गेला आणि वर ओरडत होता, “गोदा, थांब! थांब!” ती थांबलेलीच होती! मागून कोणी रेटतंय असं वाटून ती दोन पावलं पुढे सरकली आणि कोंबडा, म्हणजे नर फेझंट, लांबून उडाला. त्या दिवशी हे चार वेळा झालं. चौथ्या वेळी तिने माणसाची वाटच पाहिली नाही, स्वतः झेप घेऊन पक्षी उडवला. त्याच क्षणी मी दिवस संपवायला हवा होता. नाही संपवला, आणि त्याची किंमत तिने भरली: अख्खा हिवाळा लांब दोर आणि कबुतरं घेऊन मी तिला पॉइंटवर पुन्हा स्थिर उभं राहायला शिकवत होतो.

मी काय करतो ते सांगतो. पॉइंट दिसला की तोंड बंद. कुत्र्याच्या बाजूने दहापंधरा पावलांचा मोठा वळसा घ्यायचा आणि समोरून, तिच्या नाकाकडे तोंड करून यायचं. फेझंटला उडण्यापेक्षा पळणं जास्त आवडतं. समोर माणूस, मागे कुत्रा अशी कोंडी झाली तरच तो उठतो. नजर गवतात खुपसायची नाही, थोडी वर ठेवायची. बंदुकीचा सेफ्टी खटका पक्षी उठल्यावरच सरकवायचा, आणि पक्ष्याच्या खाली आकाश दिसत नसेल तर बार काढायचाच नाही. तिथे खाली कुत्रा असतो. लांब शेपटीचा, मानेवर पांढरं कडं असलेला नर ओळखल्याशिवायही नाही; मादी मारणं बेकायदा आहे. दिवसाला तीन नर, तेवढे पुरेत.

दुसरी चूक मला जास्त छळते. आठ महिन्यांचं पिल्लू थेट मोसम उघडण्याच्या दिवशी दहाबारा बंदुकांच्या रांगेत उभं करणं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. पहिला कोंबडा उठला, एकदम सहासात बार झाले, पिल्लू पिकअपखाली जाऊन बसलं ते संध्याकाळपर्यंत बाहेर आलं नाही. पुढे बंदूक नुसती पिशवीतून काढली तरी ते थरथरायचं. मालक विचारत होता, दोन वीकेंडमध्ये सुधारेल का? नाही सुधारत. बंदुकीची भीती घालवण्यापेक्षा ती बसू न देणं शंभरपट सोपं आहे. पिल्लू कबुतराच्या मागे जीव तोडून धावत असताना, शंभर पावलांवरून, बिनछऱ्याचा एकच बार. त्याने मान वळवून बघितलं नाही तर दुसऱ्या दिवशी थोडं जवळून. मला याला सहा आठवडे लागतात. एवढा वेळ नसेल तर पुढच्या वर्षी जा, पण कुत्र्याला घाईत ढकलू नका.

ऑक्टोबरच्या उन्हाबद्दल बेफिकीर राहू नका. कुत्रा गवताच्या तळाशी असतो, तिथे वारा पोचत नाही, आणि अंग गार करायला त्याच्याकडे धापेशिवाय फारसं काही नाही. मी वीस मिनिटांनी थांबून पाणी पाजतो. जीभ रुंद होऊन लोंबायला लागली, पाय लटपटले की शिकार संपली: पोटाला, काखांना पाणी, सावली आणि लगेच पशुवैद्य.

वारा पाठीवर घेऊन शेतात शिरू नका, वारा कुत्र्याच्या नाकावर आला पाहिजे. गाडीची दारं आपटू नका. डिसेंबरातले शहाणे कोंबडे तेवढ्यानेच शेताच्या दुसऱ्या टोकातून निघून जातात. त्या दिवसांत ते पाणकणसांच्या दाट बेटांत सापडतात, पण पाणी नीट गोठल्याशिवाय कुत्र्याला तिथे घालू नका. वॉटरफाउल प्रॉडक्शन एरियात (पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या सरकारी जमिनीत) शिशाचे छर्रे चालत नाहीत, स्टीलचे न्या.

आणि कुसळं. इथल्या गवताची कुसळं कातडीत शिरली की मागे फिरत नाहीत, पुढेच सरकतात; श्वासातून गेली तर फुफ्फुसापर्यंत. संध्याकाळी सगळे फोटो काढत असतात तेव्हा मी गोदाला पिकअपच्या फळीवर उभी करून बॅटरीच्या उजेडात बोटांच्या बेचक्या, कान, पापण्या, काखा चाचपतो. मग तिला पाणी, तिला जेवण. पक्षी साफ करायला त्यानंतर घेतो, आणि वाटेत तपासणी झाली तर नर ओळखता यावा म्हणून प्रत्येकाचा एक पाय तसाच ठेवतो.