दहा किलोमीटरच्या वायरलेस लिंकसाठी उपकरणं निवडताना

आधी दोन टोकांमधला मार्ग तपासा, मग रेडिओ (सिग्नल पाठवणारं-घेणारं उपकरण) घ्या. ५.८ गिगाहर्ट्झला १० किलोमीटरच्या मधोमध फ्रेनेल झोनची (दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेभोवतीचा, सिग्नलला लागणारा लांबट पट्टा) त्रिज्या सुमारे ११ मीटर असते. त्यातलं निदान ६० टक्के, म्हणजे ७ मीटर, मोकळं हवं. पृथ्वीच्या वक्रतेसाठी दीड मीटर वेगळा धरा. समोरचा टॉवर नुसता दिसला, एवढ्यावर भागत नाही. झाडंही वाढतात!

या अंतरात सिग्नल सुमारे १२८ डीबी (डेसिबल, सिग्नलच्या घट-वाढीचं माप) घटतो. दोन्हीकडे २५ डीबीआयच्या (डीबीआय म्हणजे डिश सिग्नल किती एकवटते त्याचं माप) डिश आणि २० डीबीएम (डीबीएम म्हणजे सिग्नलच्या ताकदीचं माप) पॉवर असेल, तर उणे ५८ डीबीएम मिळतो. वेगवान मॉड्युलेशनला (सिग्नलवर डेटा चढवण्याच्या पद्धतीला) हा पुरेसा आहे. पॉवर वाढवण्याऐवजी मोठी डिश घ्या, तिने आजूबाजूचा गोंगाटही कमी येतो. ६० गिगाहर्ट्झ इथे नको, ऑक्सिजन आणि पाऊस तो सिग्नल शोषतात.

रेडिओचा इथरनेट पोर्ट (नेटवर्कची केबल जोडायची जागा) गिगाबिटच हवा, नाहीतर लिंकचा वेग तिथेच अडतो.