जपानी भूतपट बघायचेत? आधी तीन तासांचा हट्ट सोडा

बरेच जण जपानी हॉरर म्हटलं की थेट 1998 चा रिंगू लावतात, विहिरीतली बाई बघतात आणि झालं. मी तरी सुरुवात क्वायदानपासून करायला सांगेन. मासाकी कोबायाशीचा 1964 चा सिनेमा, त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी, सगळ्या लाफ्काडिओ हर्नने लिहून ठेवलेल्या जुन्या जपानी भूतकथांवरून घेतलेल्या.

आता हा बघायचा कसा, तर एका बैठकीत बघू नका. पूर्ण व्हर्जन 183 मिनिटांचं आहे आणि वेग एकदम संथ, त्यामुळे दुसऱ्या गोष्टीपर्यंत लोक मोबाईल हातात घेतात आणि मग "बोअर आहे यार" म्हणून मोकळे होतात. रोज रात्री एकच गोष्ट बघा, तशीही प्रत्येक गोष्ट स्वतंत्र आहे, काही अडत नाही. फक्त लावायच्या आधी लांबी तपासा, कारण अमेरिकेत रिलीज करताना बर्फातल्या बाईची अख्खी गोष्टच काढून टाकली होती, आणि ती नसेल तर अर्धी मजा गेली.

दुसरं म्हणजे हेडफोन लावाच. तोरू ताकेमित्सूचं संगीत म्हणजे नेहमीचं पार्श्वसंगीत नाहीच, पहिल्या गोष्टीत एक सामुराई (जपानी योद्धा) जुन्या पडक्या घरात सैरावैरा पळतो तेव्हा पावलांचा, पडझडीचा आवाज जवळपास गायब आणि मध्येच लाकूड तडकल्यासारखं काहीतरी, तेही चित्राशी न जुळणारं. स्पीकरवर हे निम्मं कळतच नाही. आणि दचकवणाऱ्या सीनची वाट बघत बसू नका, तसलं इथे जवळजवळ नाहीच.

तिसरी गोष्ट होइचीची, बिवा (एक जपानी तंतुवाद्य) वाजवणारा आंधळा. 1185 च्या दान्नोउराच्या लढाईत बुडालेल्या हेइके घराण्याची भुतं त्याला रोज रात्री गायला बोलावतात. वाचवायचं म्हणून मठातले लोक त्याच्या अंगभर मंत्र लिहितात, चेहऱ्यावर, पापण्यांवर, सगळीकडे, आणि कान राहून जातात!! भुताला मग हवेत तरंगणारे फक्त दोन कान दिसतात. पुढचं सांगत नाही, पण मंत्र लिहितानाचा सीन नीट बघा, घाई करू नका. चौथी गोष्ट अर्धवट वाटेल, ती मुद्दामच तशी आहे, त्यामुळे फाईल खराब आहे का वगैरे शोधत बसू नका.

हे पचलं की मिझोगुचीचा 1953 चा उगेत्सू घ्या. त्यात उएदा आकिनारीच्या 1776 च्या संग्रहातल्या दोन कथा एकत्र विणल्यात, म्हणून ऍन्थॉलॉजी, म्हणजे सुट्या गोष्टींचा सिनेमा, म्हणता येणार नाही, पण भूत आणि संसार इतका जवळ आणलेला सिनेमा मला तरी दुसरा माहीत नाही.

मग ताकाशी शिमिझूचा 2002 चा जुऑन. यात प्रत्येक तुकड्याला एका पात्राचं नाव आहे आणि काळ मागेपुढे उड्या मारतो, तेव्हा पाटीवरचं नाव लक्षात ठेवा नाहीतर कोण कधी मेलं याचा पार गोंधळ होतो. हा मात्र सलग बघा, तुकडे केलेत तर धागा सुटतो.

आणि एवढा वेळच नसेल तर 2013 ला सुरू झालेली यामिशिबाई मालिका आहे, एकेक भाग जेमतेम पाच मिनिटांचा, रस्त्यावर चित्रं दाखवून गोष्ट सांगणाऱ्यांच्या जुन्या पद्धतीवर बेतलेला. सगळे भाग चांगले नाहीत, आवडला नाही की सरळ पुढचा लावा.