सोर्सवरून पायथन बसवताना या चुका टाळा

उबुंटू २२.०४ सोबत पायथन ३.१० येतो आणि हातातल्या प्रोजेक्टला ३.१२ हवा असतो, ही अडचण जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांतल्या डेस्कटॉपांवर नेहमीची. मग सोर्स, म्हणजे पायथनचा मूळ कोड, उतरवायचा आणि कॉन्फिगर (मशीन तपासणं), मेक (कोडपासून पायथन बनवणं), मेक इन्स्टॉल (तो जागी बसवणं) करायचं. तीन कमांडचं तर काम! पण पायथन अर्धवट बनला तरी कुरकुर करत नाही. मेक शेवटपर्यंत जातं, आवृत्तीचा आकडाही बरोबर दिसतो, आणि चार दिवसांनी पिप (पायथनची पॅकेजं आणणारं साधन) चालेना म्हणून शोधाशोध सुरू होते. तोवर कॉन्फिगरने काय सांगितलं होतं ते टर्मिनलमधून केव्हाच वर निघून गेलेलं असतं.

आधी एक खात्री करून घ्या. उबुंटू २४.०४ असेल तर त्यात ३.१२ आधीपासूनच आहे. तिथे पिपने ‘हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं’ अशा अर्थाची एरर दिली म्हणून कोणी नवा पायथन बांधायला बसत असेल तर ते व्यर्थ आहे. पायथन३-व्हेन्व्ह हे पॅकेज टाका, व्हेन्व्ह (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन-वातावरण) बनवा आणि कामाला लागा.

वापसा न बघता पेरणी

कॉन्फिगर मशीनवर काय काय आहे ते तपासतं आणि जे सापडलं नाही त्याचं मॉड्यूल गुपचूप वगळतं. इथे हमखास गोंधळ होतो: ओपनएसएसएल (सुरक्षित जोडणीची लायब्ररी) तर मशीनवर आहेच, मग सापडत का नाही? चालणारी लायब्ररी वेगळी आणि तिच्या हेडर फाइली वेगळ्या. कंपाइल करायला हेडर लागतात, आणि उबुंटू-डेबियनमध्ये ते ‘-डेव्ह’ने संपणाऱ्या वेगळ्या पॅकेजात असतात. म्हणून पेरणीआधी एवढं टाकून घ्या: बिल्ड-इसेन्शियल, पीकेजी-कॉन्फिग, लिबएसएसएल-डेव्ह, झेडलिब१जी-डेव्ह, लिबएफएफआय-डेव्ह, लिबएसक्यूलाइट३-डेव्ह, लिबबीझेड२-डेव्ह, लिबएलझेडएमए-डेव्ह, लिबरीडलाइन-डेव्ह, यूयूआयडी-डेव्ह आणि टीके-डेव्ह.

काय राहिलं ते लक्षणांवरून ओळखता येतं. इन्स्टॉल होता होता शेवटी ‘झेडलिब उपलब्ध नाही’ म्हणून गाडी अडली, तर झेडलिबचं पॅकेज राहिलंय. पिप म्हणतो की एसएसएल मॉड्यूल नाही, म्हणजे लिबएसएसएल-डेव्ह नव्हतं. अंडरस्कोअर लावलेलं ‘_सीटाइप्स’ सापडत नसेल तर लिबएफएफआय. जँगो (वेबसाइट बनवायचं पायथनचं फ्रेमवर्क) पहिल्याच मायग्रेशनला, म्हणजे डेटाबेसची मांडणी करताना, एसक्यूलाइटच्या नावाने पडला तर कारण उघड आहे. आणि ३.१२ पर्यंतच्या आवृत्तीत वरचा बाण दाबल्यावर मागची ओळ न येता टोपीचं चिन्ह, दोन चौकटी कंस आणि ए उमटत असेल, तर रीडलाइन राहिली. कीबोर्ड बदलायला धावू नका.

हे सगळं आधीच कळू शकतं. ३.११ पासून कॉन्फिगर प्रत्येक मॉड्यूलसाठी ‘चेकिंग फॉर एसटीडीलिब एक्स्टेन्शन मॉड्यूल _एसएसएल’ अशी ओळ छापतं आणि तिच्या टोकाला ‘येस’ किंवा ‘मिसिंग’ लिहितं. सगळं आउटपुट टी कमांडने एका फाइलमध्ये साठवा आणि त्यात ग्रेपने ‘मिसिंग’ शोधा. जीडीबीएमसारखं एखादं नाव निघालं तर बहुतेकांचं काही अडत नाही. पण एसएसएल, झेडलिब, सीटाइप्स, एसक्यूलाइट यांतलं एकही नाव दिसलं तर मेक चालवायचंच नाही. मेकच्या शेवटीसुद्धा न बनलेल्या मॉड्यूलांची यादी येते, पण तेव्हा लक्ष ‘झालं एकदाचं’ याकडे असतं.

पुढची चूक याहून जास्त वेळ खाते. राहिलेलं पॅकेज टाकलं आणि थेट मेक पुन्हा चालवलं. काहीच फरक पडत नाही, कारण ‘मिसिंग’ हा निकाल कॉन्फिगरने आधीच लिहून ठेवलेला आहे. मेक डिस्टक्लीन करा, कॉन्फिगर पुन्हा चालवा, मग मेक. कॉन्फिगरचे पर्याय बदलल्यावरही हेच.

सिस्टिमच्या पायथनला हात लावू नका

उबुंटूची कितीतरी साधनं /यूएसआर/बिन मधल्या पायथन३ वर चालतात. तिथली लिंक नव्या पायथनकडे वळवली, किंवा अपडेट-अल्टरनेटिव्ह्जने ‘डीफॉल्ट’ बदलला, की दुसऱ्या दिवशी टर्मिनलच उघडत नाही आणि एपीटी (उबुंटूचं पॅकेजं बसवणारं साधन) ‘एपीटी_पीकेजी नावाचं मॉड्यूल नाही’ म्हणू लागतं. ते मॉड्यूल ३.१० साठी कंपाइल केलेलं असतं, ३.१२ ला ते दिसणारच नाही. असं झालंच तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून अक्षरी कन्सोलवर जा, लॉगिन करा आणि लिंक मूळ आवृत्तीकडे वळवा: २२.०४ वर ३.१० कडे, २४.०४ वर ३.१२ कडे. जुना पायथन ‘काढून टाकू’ असा विचार मात्र मनातही आणू नका. एपीटीने पायथन३ काढायला घेतला तर सोबत काय काय जाणार याची यादी ते दाखवतं, आणि त्या यादीत आख्खा डेस्कटॉप असतो. ती न वाचता वाय दाबणारे कमी नाहीत.

कॉन्फिगरला प्रिफिक्स, म्हणजे कुठल्या फोल्डरात बसवायचं ते, दिलाच नाही तर पायथन /यूएसआर/लोकल मध्ये जातो. हे /यूएसआर इतकं घातक नाही. तरी मेक इन्स्टॉल तिथे पायथन३ नावाची लिंक करतं, आणि शोधाच्या क्रमात /यूएसआर/लोकल/बिन आधी येत असल्याने टर्मिनलमध्ये पायथन३ लिहिलं की नवा उठतो. म्हणून मेक ऑल्टइन्स्टॉल वापरा. ते फक्त पायथन३.१२ आणि पिप३.१२ अशी आवृत्तीसकट नावं ठेवतं.

त्याहून बरं म्हणजे प्रिफिक्स स्वतंत्र द्या, उदाहरणार्थ /ऑप्ट/पायथन३१२. पायथनच्या मेकफाइलमध्ये मेक अनइन्स्टॉल नाही. /यूएसआर/लोकल मध्ये विखुरलेल्या फाइली वेचून काढणं म्हणजे कापसातली सरकी हाताने काढणं; स्वतंत्र फोल्डर असेल तर एक फोल्डर पुसलं की काम संपलं. होम फोल्डरमधला प्रिफिक्स दिला तर सुडोही (रूटच्या अधिकाराने कमांड चालवणं) लागत नाही. एरवी सुडो फक्त इन्स्टॉलच्या पायरीला. सुडो मेक केलं की बनलेल्या फाइलींची मालकी रूटकडे जाते, आणि पुढच्या साध्या मेकला ‘परमिशन डिनाइड’ मिळतं.

मे महिना, चार कोअर आणि गेलेली लाइट

मेकला -जे४ दिलं तर चार कामं एकदम चालतात. काही जण नुसतं -जे लिहितात, पुढे आकडाच नाही. याचा अर्थ ‘जितकी जमतील तितकी’ असा होतो आणि ४ जीबी रॅमचं मशीन जागच्या जागी गोठतं. एरर ‘किल्ड’ शब्दाने संपली असेल तर रॅम संपली होती. डीमेसेज कमांडने दाखवलेल्या नोंदींत ‘आउट ऑफ मेमरी’ सापडेल. -जे२ वर या, ४ जीबीची स्वॅप फाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवरची जागा) जोडा. एलटीओचा (लिंक करतानाच्या ऑप्टिमायझेशनचा) पर्याय लिंक करताना खूप रॅम खातो, जुन्या मशीनवर तो सोडून द्या. ‘एनेबल-ऑप्टिमायझेशन्स’ दिलं तर पायथन एकदा बनतो, स्वतःच्या चाचण्या चालवून मोजमाप घेतो आणि पुन्हा बनतो. जुन्या दोन कोअरच्या मशीनवर यात तासभर सहज जातो. मशीन अडकलेलं नसतं. शिकण्यासाठी पायथन हवा असेल तर हा पर्याय दिलाच नाही तरी चालतं.

भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि कंपाइल करताना प्रोसेसरचे सगळे कोअर पूर्ण भाराने धावतात. हीटसिंकमध्ये धूळ साचलेलं मशीन अशा दुपारी मध्येच बंद पडतं, किंवा जीसीसी हा कंपायलर ‘इंटर्नल कंपायलर एरर’ देतो. ही एरर आली की तीच कमांड दोनदा चालवून बघा. दर वेळी वेगळ्या फाइलवर अडकत असेल तर दोष उष्णतेचा किंवा रॅमचा. दर वेळी त्याच फाइलवर अडकत असेल तरच सोर्स किंवा कंपायलरवर संशय घ्या. सेन्सर्स कमांडने तापमान बघत एक कोअर मोकळा सोडा. नाहीतर सरळ पहाटे बसा.

लाइट मध्येच गेली तर? मेक जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं, त्यामुळे सगळं पुसायची गरज नसते. पण त्या क्षणी लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला तुकडा, .ओ) शून्य बाइटची राहू शकते. ती ‘आहे’ म्हणून मेक पुढे जातं आणि शेवटी हे तुकडे जोडणारा लिंकर ‘फाइल नॉट रेकग्नाइझ्ड’ म्हणतो. फाइंडने शून्य आकाराच्या .ओ फाइली शोधून पुसा आणि मेक पुन्हा चालवा. एररमध्ये स्थिर लायब्ररीचं, म्हणजे .ए फाइलचं नाव असेल तर तीही पुसा.

एरर वाचतानाही एक गफलत होते. -जे४ मध्ये चार कामांचं आउटपुट एकमेकांत मिसळतं, त्यामुळे खरी चूक शेवटच्या ओळीत नसते. मेक परत एकदा -जे१ ने चालवा. मग ते नेमकं चुकीपाशी थांबेल.

घड्याळ

जुन्या, सेकंडहँड डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी तारीख काही वर्षं मागे. मग एकाच कारणाची चार तोंडं दिसतात. ब्राउझर सर्टिफिकेट नाकारतो. एपीटी म्हणतं, रिलीज फाइल अजून वैध नाही. सोर्स उलगडणारी टार कमांड सांगते की फाइलींची वेळ भविष्यातली आहे. आणि मेक ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड, बिल्ड अपुरा असू शकेल’ असा इशारा देतं. मेक फाइलींच्या वेळा बघूनच काय नव्याने बनवायचं ते ठरवतं, त्यामुळे हा इशारा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. टाइमडेटसीटीएलने तारीख नीट करा, सोर्सचं फोल्डर पुसून पुन्हा उलगडा. सेल बदला, कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड तुटणं हा असाच प्रकार. एक्सझेडमधला सोर्स २० एमबीच्या आसपास असतो. उलगडताना ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ इनपुट’ आलं तर फाइल अर्धी आहे. डब्ल्यूगेटला -सी देऊन राहिलेला भाग ओढा.

सोर्स विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर किंवा पेनड्राइव्हवर उलगडू नका. तिथे चालवण्याची परवानगी आणि लिंक दोन्हींचा भरवसा नसतो, आणि कॉन्फिगर पहिल्याच पावलाला ‘परमिशन डिनाइड’ देऊ शकतं. डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये चालणारं लिनक्स) असेल तर /एमएनटी/सी खाली काम करू नका, तिथे फार हळू चालतं. फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको. मेकला ती दोन नावं वाटतात.

विंडोजवर मात्र सोर्सवरून बांधायच्या फंदात पडू नका, इन्स्टॉलर पुरे आहे. त्यात पायथन पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) टाकायची खूण करा. पायथन लिहिल्यावर स्टोअर उघडत असेल तर सेटिंग्जमधल्या ॲप एक्झिक्युशन अलायसेसमधून पायथनची दोन्ही बटणं बंद करा. आणि मशीनवर विंडोज ७ असेल तर ३.८ च्या पुढचा पायथन तिथे चालणारच नाही.

लिनक्सवर इन्स्टॉल झाल्यावर नवा पायथन पूर्ण वाटेने उठवा, म्हणजे /ऑप्ट/पायथन३१२/बिन/पायथन३.१२, आणि एकाच ओळीत एसएसएल, झेडलिब, सीटाइप्स, एसक्यूलाइट३, बीझेड२, एलझेडएमए, रीडलाइन, टीकेइंटर इम्पोर्ट करा. ‘शेअर्ड’ पर्यायाने बनवला असेल आणि लिबपायथनची .एसओ फाइल सापडत नाही अशी तक्रार आली, तर त्या प्रिफिक्सचं लिब फोल्डर एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये नोंदवून सुडो एलडीकॉन्फिग चालवा. आवृत्तीचा आकडा जुनाच येत असेल तर बॅशने (टर्मिनलमधल्या शेलने) जुनी वाट लक्षात ठेवलेली असू शकते: हॅश -आर चालवा. इम्पोर्टची ओळ बिनतक्रार गेली की याच पायथनने व्हेन्व्ह बनवा. जुन्या आवृत्तीवरची व्हेन्व्ह उचलून इथे आणू नका, ती रिक्वायरमेंट्स फाइलवरून नव्याने भरा.