जाड फळी उभी चिरण्याआधी

जाड फळी उभी धरून बँडसॉवर (दोन चाकांवरून फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याच्या करवतीवर) तिच्या पातळ फळ्या काढायच्या असल्या की मी मशीनचं बटण सगळ्यात शेवटी दाबतो. आधी लाकूड बघायचं. ते जुन्या दाराचं किंवा तुळईचं असेल तर त्यात खिळा आहे असंच धरून चालायचं. डोकं तुटलेला खिळा दिसत नाही, पण त्याच्याभोवती लाकूड काळपट पडलेलं असतं. तो डाग शोधायचा आणि वरून जोरदार चुंबक फिरवायचं. एकदा मी घाईत हे केलं नाही. ठिणगी उडाली आणि कळेपर्यंत पात्याचे पाच-सहा दाते गेलेले होते. टोकाच्या चिरा कापून टाकायच्या. ओलं लाकूड चिरायला घ्यायचं नाही. ते चिरलं की फळ्या वाकतात.

मग एक बाजू आणि एक कड रंधून सपाट करायची आणि दोन्ही काटकोनात आहेत का ते गुण्या लावून बघायचं. इथे कंटाळा करू नका. सपाट कड टेबलावर बसते आणि सपाट बाजू फेन्सला, म्हणजे टेबलावरच्या उभ्या आधारपट्टीला, टेकते. खाली फट राहिली तर फळी मध्येच डुलते, पातं अडकतं, आणि तेव्हा बोटं नेमकी त्याच्याजवळ असतात.

जाडीचा हिशोब कागदावर करा. 50 मिमीची फळी रंधून 48 उरली, प्रत्येक कापाला साधारण 2 मिमी गेले, तर तीन फळ्यांना जेमतेम साडेचौदा मिमी मिळतात. दोन्ही बाजू रंधल्यावर हाती 12 मिमीच्या आल्या तरी ठीक.

आता पातं. मशीनला झेपेल तेवढं रुंद, इंचाला 3 दात्यांचं, धारदार. दाते दाट असले तर उंच कापात भुशाला जागाच राहत नाही. मग पातं तापतं, भरकटतं आणि काप मधोमध पोट काढतो. पातं बदलताना प्लग काढलेलाच हवा. ताण नीट द्या. पात्याला दोन्ही बाजूंनी सरळ ठेवणाऱ्या गाइडमध्ये कागद सरकेल एवढीच फट ठेवा, आणि मागचं बेअरिंग पातं मोकळं फिरताना त्याला टेकू देऊ नका. वरचा गार्ड लाकडाच्या वर साधारण 6 मिमीवर आणा. पातं जितकं उघडं, तितकं ते जास्त हलतं आणि तितका धोका जास्त.

उंच फेन्स लावण्याआधी एका टाकाऊ तुकड्यावर सरळ रेघ मारून हाताने अर्ध्यापर्यंत कापा, मशीन बंद करा आणि तुकडा कोणत्या कोनात राहिला ते पाहा. पातं आपसूक एका बाजूला ओढतं, ती ओढ हीच. फेन्स त्याच कोनात लावा. फळी फेन्सला दाबून धरणारी पट्टी पात्याच्या अलीकडेच हवी. पलीकडे दाबलं तर काप मिटतो आणि पातं आवळलं जातं. लांब फळीला पलीकडून आधार ठेवा, नाहीतर संपता संपता ती खाली झुकते.

चष्मा, कानांना संरक्षण, मास्क, भुसा ओढणारी नळी. हातमोजे घालायचे नाहीत, बाही कोपरावर, घड्याळ काढून ठेवलेलं.

कापताना कान आवाजाकडे असू द्या. एकसारखा सरसर आवाज असेल तर चाल बरोबर आहे. तो जड झाला तर जोर लावू नका, चाल कमी करा. जोर लावल्याशिवाय फळी पुढे सरकतच नसेल तर पातं बोथट झालंय, थांबा. शेवटच्या वीतभर कापात हात मागे घेऊन लाकडी ठोकळ्याने ढकला. अर्धवट कापातून फळी मागे ओढायची झाली तर आधी मशीन बंद करा आणि पातं पूर्ण थांबू द्या. फिरतं पातं चाकावरून निसटतं.

प्रत्येक कापानंतर मूळ फळीची कापलेली बाजू पुन्हा रंधा. निघालेल्या फळ्या एकावर एक चिकटवून ठेवू नका. मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घाला, वर वजन ठेवा आणि काही दिवस तशाच राहू द्या. शेवटच्या मापाला त्यानंतरच रंधायच्या.