पर्यावरण आणि विज्ञानाचे अभ्यासक्रम: अर्ज करण्याआधी तुलना कशी करावी

अर्जाची मुदत जवळ आली की बहुतेक जण विद्यापीठांची क्रमवारी उघडतात आणि वरून खाली वाचत जातात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी सिलॅबस उघडा. नावात 'पर्यावरण' असलेले दोन अभ्यासक्रम आतून इतके वेगळे असू शकतात, की एकातून बाहेर पडलेली मुलगी नदीच्या पाण्याचे नमुने तपासते आणि दुसऱ्यातली पर्यावरणविषयक कायद्यांचे मसुदे वाचते. दोन्ही कामं मोलाचीच, पण आपल्याला कोणतं करायचंय हे फी भरण्याआधी कळलेलं बरं.

पायरी 1: नाव बाजूला ठेवा, सक्तीचे विषय वाचा

पर्यावरणशास्त्राचा पाया रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भूशास्त्र आणि संख्याशास्त्र यांवर उभा असतो. 'एन्व्हायर्न्मेंटल स्टडीज' म्हणतात त्यात धोरण, अर्थकारण, समाज यांना जास्त जागा मिळते. पर्यावरण अभियांत्रिकीत सांडपाणी प्रक्रिया किंवा हवेतलं प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रणांची रचना शिकवतात. पण ही ढोबळ विभागणी सगळीकडे पाळली जातेच असं नाही. म्हणून पहिल्या दोन वर्षांतले सक्तीचे विषय कागदावर उतरवून काढा. संख्याशास्त्र आणि जीआयएस (संगणकावर नकाशे आणि भौगोलिक माहिती हाताळण्याचं तंत्र) त्यात नसतील, तर मी तरी दोनदा विचार करीन. पुढे नमुने गोळा करा, नकाशे करा नाहीतर अहवाल लिहा, या दोन्हींवाचून पदोपदी अडतं.

पायरी 2: क्रेडिट एकाच मापात आणा

युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत पूर्ण वर्षाचे 60 क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे साधारण 25 ते 30 तासांचा अभ्यास धरतात. अमेरिकेत सत्राच्या प्रत्येक आठवड्याला एक तास वर्ग आणि त्याच्या जोडीला सुमारे दोन तासांचा स्वतःचा अभ्यास मिळून एक क्रेडिट होतो. म्हणजे अमेरिकेतले 3 आणि युरोपातले 3 सारखे नाहीत. आकड्यांची थेट तुलना न करता तो विषय पूर्ण वर्षाच्या किती टक्के आहे, ते काढा.

पायरी 3: प्रॅक्टिकल कोण करतं, ते विचारा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. माहितीपत्रकात चकचकीत यंत्रांचे फोटो असतात, पण त्या यंत्राला पदवीच्या विद्यार्थ्याचा हात लागतो का, हे फोटोवरून कळत नाही. त्यासाठी प्रश्न नेमका हवा.

पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचंच घ्या. तो मोजण्याची विंकलर पद्धत 1888 सालची आहे आणि आजही शिकवली जाते. हवेचा एकही बुडबुडा राहू न देता बाटली भरायची, तिथेच काठावर मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरा राहतो. मग आम्ल घालून टायट्रेशन करायचं, म्हणजे मोजलेलं द्रावण थेंबाथेंबानं घालत जायचं, स्टार्चचा निळा रंग नाहीसा होईपर्यंत. हे ज्यानं स्वतःच्या हातानं दहा वेळा केलंय, त्याला बुडबुडा राहिल्यावर आकडा का चुकतो ते पुन्हा सांगावं लागत नाही. तेव्हा विभागाला विचारा: नमुना विद्यार्थी स्वतः घेतात का? एका बॅचमध्ये किती जण असतात? वर्षात प्रत्यक्ष फिल्डवर्कचे दिवस किती? तो खर्च फीमध्ये धरलाय की वेगळा भरावा लागतो?

पायरी 4: इलेक्टिव्हची यादी तपासून घ्या

छापलेले सगळे वैकल्पिक विषय दरवर्षी चालतात असं नाही. गेल्या दोन वर्षांत कोणते खरोखर शिकवले गेले, एवढं विभागाला पत्र लिहून विचारा. शेवटच्या वर्षीचा प्रकल्प सक्तीचा आहे का, मार्गदर्शक कसे मिळतात, हेही त्याच पत्रात विचारून घ्या.

पायरी 5: क्रमवारी आता बघा

जगभरातल्या विद्यापीठांची शांघायची क्रमवारी 2003 पासून निघते. तिच्यात 30 टक्के भार विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक यांना मिळालेल्या नोबेल आणि (गणितातल्या) फील्ड्स पदकांना आहे. पर्यावरणशास्त्राला स्वतंत्र नोबेल नाही, आणि तुमच्या लॅबमध्ये किती जणांमागे एक सूक्ष्मदर्शक आहे हे ती मोजत नाही. दोन अभ्यासक्रम बाकी सगळ्यात बरोबरीला आले, तरच तिचा आधार घ्या.

अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांनी मात्र अधिस्वीकृती आधी बघावी. अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेसाठी झालेल्या 1989 च्या वॉशिंग्टन करारात सामील असलेल्या संस्थेची मान्यता असेल, तर पदवी इतर सदस्य देशांतही सहज ग्राह्य धरली जाते.

पायरी 6: शिकणाऱ्यांशी बोला

शक्यतो दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठा. 'कॉलेज कसं आहे' असं मोघम विचारलंत, तर 'छान आहे' एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा: मागच्या वेळी फिल्डवर कधी गेला होतात, आणि तिथे तुम्ही स्वतः काय मोजलंत?