उपवासकाळात घरी पिक्चर लावायचाय? मग असा लावा

दरवर्षी राखेचा बुधवार झाला, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला, की कुणीतरी विचारतंच, येशूवरचा चांगला पिक्चर सांग ना, पाच-सहा जण जमून बघू म्हणतोय. मी म्हणतो, पडद्यावर येशू दिसलाच पाहिजे हा हट्ट आधी सोडा.

पहिल्या वर्षी मी पण मार, रक्त, खिळे असलेलाच लावला होता, मोठी माणसं रडली, पोरं हादरली आणि संपल्यावर बोलायला कुणाकडे काही नव्हतंच, चहा पिऊन सगळे घरी.

आता मी सुरुवात 'बॅबेट्स फीस्ट'ने करतो. डॅनिश आहे, १९८७ चा, ऑस्कर मिळालेला. समुद्रकाठचं गाव, दोन म्हाताऱ्या बहिणी, पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू असलेले वडील कधीच गेलेत आणि त्यांच्या चर्चमधली उरलेली मंडळी आता एकमेकांची जुनी उणीदुणी काढत बसलेली. १८७१ च्या बंडाच्या धामधुमीत पॅरिसहून पळून आलेली बॅबेट या बहिणींकडे वर्षानुवर्षं फुकट राबते. मग तिला लॉटरीत १०,००० फ्रँक लागतात आणि पाळकबाबांच्या शंभराव्या जयंतीला ती सगळ्यांना जेवण घालते. कासवाचं सूप वगैरे बघून मंडळी घाबरतात आणि ठरवतात, जेवणाबद्दल चकार शब्द काढायचा नाही! (शुक्रवारी मांस सोडलं असेल तर आधी पोटभर जेवून बसा, मागाहून मला बोल लावू नका.)

बघताना ताटापेक्षा चेहरे बघा. एकमेकांना फसवलेले दोन म्हातारे जेवता जेवता कसे सैल पडतात ते बघा, नंतर बाहेर विहिरीभोवती हात धरून गातात तो सीन तर अजिबात पळवू नका. टेबलावर किती जण आहेत तेही मोजून ठेवा, बारा आहेत, येशूच्या शिष्यांइतकेच.

संपल्यावर लगेच 'बोध काय घेतला' विचारू नका प्लीज, त्या प्रश्नाने माणूस शाळेत गेल्यासारखा गप्प होतो. चहा होऊ द्या. मग एकच विचारा, बॅबेट स्वतः टेबलावर का नाही बसली? आमच्याकडे एक आजी पटकन म्हणाल्या, अगं रांधणारी कधी पंगतीत बसते का, आणि तिथून गप्पा अशा रंगल्या की येशूच्या शेवटच्या भोजनापासून घरातल्या सुनेपर्यंत पोचल्या. शेवटी बायबल काढून स्तोत्र ८५ वाचा, दया आणि सत्य एकत्र आल्याची ओळ त्यातलीच, जेवायला आलेला एक जनरल टेबलावर म्हणतो ती.

दुसऱ्या वेळी इटालियन दिग्दर्शक पासोलिनीचा, बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानावरचा पिक्चर लावा, १९६४ चा, ब्लॅक अँड व्हाइट. इथे मात्र उलटं करायचं, वाचन आधी. मत्तय १, ओवी १८ ते २५ वाचा आणि मग सुरुवातीची काही मिनिटंच बघा. गरोदर मरिया, म्हणजे येशूची आई, आणि तिच्याशी लग्न ठरलेला योसेफ एकमेकांकडे नुसते बघतात, शब्द नाही. इथे पॉज करा आणि विचारा, योसेफच्या मनात काय चाललं असेल? ओव्यांमध्ये तो नीतिमान होता आणि तिला गुपचूप सोडणार होता एवढंच आहे, बाकी सगळं त्या चेहऱ्यावर.

पासोलिनी मार्क्सवादी, देव न मानणारा, तरी संवाद जवळपास सगळे मत्तयचेच ठेवले आणि वयस्कर मरिया म्हणून स्वतःच्या आईला उभं केलं. एक काका कुरकुरले, नास्तिकाचा पिक्चर उपवासकाळात कशाला, आणि त्या रात्री सगळ्यात जास्त तेच बोलले. तुमच्याकडे असं कुणी कुरकुरलं तर सांगा, सिनेमाला १०० वर्षं झाली तेव्हा, १९९५ मध्ये, व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची यादी काढली होती, तीत हे दोन्ही आहेत.

सबटायटल बहुतेक इंग्रजीच मिळतील, म्हणून म्हाताऱ्या माणसांशेजारी हळू आवाजात सांगणारं एक पोर बसवा, पण त्याने फक्त संवाद सांगायचे, अर्थ नाही. आणि पासोलिनीचा सव्वादोन तासांचा आहे, एका रात्रीत ओढू नका, येशू यरुशलेमला पोचेपर्यंत एक शुक्रवार, उरलेला पुढच्या शुक्रवारी.