पाचवीचे वर्ष आणि बंद शाळा : मुलाचा अभ्यासातील आत्मविश्वास घरी कसा उभा करावा

गोव्यातील मराठी प्राथमिक शाळेतून चौथी उत्तीर्ण झालेले मूल पाचवीत जाते, तेव्हा बहुधा शाळेबरोबर शिक्षणाचे माध्यमही बदलते आणि गणित, विज्ञान, इतिहास हे सारे एकदम इंग्रजीतून शिकावे लागते. एरवी हा बदल सोबतीने पेलला जातो. शेजारच्या बाकावरच्या मुलालाही कळलेले नसते, शिक्षक मध्येच मराठीत किंवा कोंकणीत समजावतात, बालरथातून, म्हणजे शाळेच्या बसमधून, घरी परतताना गप्पांत अर्धा धडा उलगडतो. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि नेमकी ही सोबत सुटली. मोबाइलसमोर एकट्या बसलेल्या मुलाने, न कळलेल्या प्रत्येक शब्दावरून, आपल्यातच काही कमी आहे असा निष्कर्ष काढला. अभ्यासाची जी टाळाटाळ आपल्याला आळस वाटते, तिच्या मुळाशी पुष्कळदा हीच समजूत असते. म्हणून उपायाची सुरुवात वेळापत्रकापासून न करता या समजुतीपासून करावी.

‘हे मला जमेल’ हा विश्वास कोठून येतो, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये केली. काम स्वतः पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कोणाला ते जमताना पाहणे, विश्वासातल्या माणसाचे शब्द आणि शरीर-मनाची स्थिती असे त्याचे चार उगम त्यांनी सांगितले. त्यांत पहिला सर्वांत भक्कम. नुसते ‘तू हुशार आहेस’ म्हणून भागत नाही ते यामुळेच, कारण पुढचेच गणित चुकले की त्या शब्दांचा आधार सुटतो.

तेव्हा मुलाच्या हातून रोज काहीतरी पुरे होईल अशी व्यवस्था करावी. बांडुरा आणि डेल शुंक यांनी १९८१ मध्ये वजाबाकीत मागे पडलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. ७ बैठकांत मिळून ४२ पाने सोडवायची, असे काही मुलांना सांगितले. काहींना प्रत्येक बैठकीत ६ पाने सुचवली. काम तेवढेच होते, तरीही रोजचे ध्येय दिलेली मुले अधिक चांगली शिकली, त्यांचा विश्वास वाढला आणि वजाबाकीत त्यांना रसही वाटू लागला. घरी हेच करायचे, तर ‘दोन तास अभ्यास कर’ असे न सांगता ‘अपूर्णांकांची ही ५ उदाहरणे सोडव’ असे सांगावे, आणि त्यांतली पहिली दोन मुलाला नक्की येणारी असावीत. पाचवीचा धडा अडला, तर चौथीचे मराठी पुस्तक निःसंकोच उघडावे. कल्पना आधी मराठीत पक्की करून मग तिचे इंग्रजी नाव लिहून घेतले, की आपल्याला गणित येत होते, अडला होता तो केवळ शब्द, हे मुलाला स्वतःलाच दिसते. माझ्या मते या वर्षातला हा सर्वांत मोलाचा क्षण आहे आणि तो घाईने आटोपू नये. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची आरास) बांधताना सुपारी, नारळ, कवंडळ यांची इंग्रजी नावे मुलाने शोधून घरातल्यांना शिकवली, तरी तोही अभ्यासच झाला.

जमलेल्या गोष्टींची एक वेगळी वही ठेवावी. रोज तारीख घालून एकच ओळ मुलाने स्वतः लिहावी. कौतुकही त्या ओळीला धरून करावे : ‘काल हातचा घ्यायला विसरला होतास, आज स्वतः तपासून पाहिलेस.’

सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतील अनेक गावांत रेंजसाठी मुलांना डोंगर चढावे लागले. तास बुडाल्याचा दोष मुलाकडे जाता कामा नये. पावसात मुलाला एकटे वर पाठवू नये. मोठ्या माणसाने दिवसातून एकदा रेंजमध्ये जाऊन धडे आणि स्वाध्याय उतरवून आणावेत व अभ्यास घरातच व्हावा. वाड्यावरचे सहावी-सातवीतले एखादे मूल, ज्याने हाच बदल नुकताच पार केला आहे, अंतर राखून किंवा फोनवरून अडचण सोडवू शकले, तर त्याचा उपयोग आपल्या उपदेशाहून अधिक होतो. शिक्षकांनीही शक्य तेव्हा पाच मिनिटांचा फोन करावा आणि त्यात गृहपाठाआधी मुलाची विचारपूस करावी.

घरात कोणी आजारी असेल, रोजगार थांबला असेल, तर त्या दिवशी एकच लहान काम पुरे. मात्र झोप उडणे, जेवण तुटणे, कोणाशीच न बोलणे असे पुष्कळ दिवस चालले, तर तो अभ्यासाचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बांबोळी येथे मनोविकारांवर उपचार करणारी सरकारी संस्था आहे.

अशी बंद पडलेली शाळा पुन्हा भरेल, त्या दिवशी जमलेल्या गोष्टींची ती वही दप्तरात असू द्यावी आणि वर्गशिक्षकांना दाखवावी, म्हणजे मुलाला पुढे कोठून शिकवायचे हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळेल.